गव्हातील तणे : आधी ओळखा, मग आवरा

नोव्हेंबरात पेरलेल्या बागायती गव्हाला पहिले पाणी दिले की पिकाबरोबर तणेही तरारून येतात. पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४० दिवस गव्हाला तणांची स्पर्धा सोसत नाही. मुकुटमुळे फुटताना (१८ ते २१ दिवस) आणि त्यानंतर फुटवे येताना तणांनी पाणी व नत्र ओढून घेतले, तर ओंब्याच कमी येतात. ही तूट पुढच्या खुरपणीने भरून निघत नाही. "ऊसतोड चालू आहे, मजूर मिळाला की पाहू" असे म्हणता म्हणता नेमके हेच दिवस निघून जातात.

औषध आणण्यापूर्वी शेतात एक फेरी मारून तण कोणते आहे ते पाहावे. चाकवत, चांदवेल, गाजर गवत ही रुंद पानांची तणे. यांतील चाकवत कोवळे असताना घरी भाजीला येते म्हणून बायामाणसे ते राखतात. पण एक झाड हजारो बिया टाकते व त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. चांदवेल गव्हाच्या ताटांना विळखा घालून पीक लोळवते आणि कापणी अवघड करते. हरळी व लव्हाळा ही बहुवर्षायू तणे. त्यांचा बंदोबस्त उभ्या गव्हात होत नाही. त्यासाठी उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या व गाठी वेचाव्यात.

पेरणी उभी-आडवी न करता २० सें.मी. अंतरावर एकेरी करावी, म्हणजे ओळींतून हातकोळपे चालते. पहिल्या पाण्यानंतर वाफसा येताच कोळपणी व लगेच खुरपणी करावी. क्षेत्र थोडे असल्यास एवढे पुरते.

मजूर मिळत नसतील आणि तणे रुंद पानांची असतील, तर पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, जमिनीत ओल असताना मेटसल्फ्युरॉन मिथाईल (२० टक्के) एकरी ८ ग्रॅम २०० लिटर पाण्यातून फवारावे. वेष्टनात चिकटद्रव्य दिले असल्यास तेही मिसळावे. येथे बहुतेकांची चूक होते ती मोजमापात. १५ लिटरच्या एका पंपाला जेमतेम ०.६ ग्रॅम औषध येते. ते चिमटीने घेऊ नये. सर्व ८ ग्रॅम औषध २ लिटर पाण्यात विरघळवावे व दरवेळी ढवळून प्रत्येक पंपात १५० मि.लि. द्रावण टाकावे.

२,४-डी सोडियम क्षार (८० टक्के) एकरी २५० ते ४०० ग्रॅम याच वेळी वापरता येतो. तो लवकर फवारल्यास ओंब्या वेड्यावाकड्या होतात. कांडी धरल्यानंतर फवारल्यासही पिकाला इजा होते. गव्हात हरभरा किंवा मोहरीचे मिश्रपीक असेल, तर वरील दोन्हींपैकी कोणतेही औषध वापरू नये.

शेजारी द्राक्षबाग, टोमॅटो किंवा उभी कपाशी असेल, तर २,४-डी चा विचारच सोडावा. निफाड भागात गहू आणि द्राक्षे बांधाला बांध लावून असतात. फवारा वाऱ्याने उडाला, तर द्राक्षाची कोवळी पाने पंख्यासारखी आकसतात. कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी होतात. नुकसान काही दिवसांनी दिसते, तोवर भांडण बांधावर आलेले असते. तणनाशकाचा पंपही वेगळा ठेवावा. नुसता विसळून तो बागेत नेऊ नये.

गवतवर्गीय तणांवर २,४-डी चा उपयोग होत नाही. पंजाब-हरियाणात गव्हासारखेच दिसणारे चिमणचारा हे गवत मोठी डोकेदुखी आहे. तेथे वर्षानुवर्षे एकच आयसोप्रोट्युरॉन फवारल्याने १९९० च्या दशकात हे गवत त्या औषधाला दाद देईनासे झाले. आपणही दरसाल तेच औषध वापरणे टाळावे आणि गव्हानंतर हंगाम बदलताना पीकही बदलावे.

फवारणीतून वाचलेली झाडे फुले येण्यापूर्वी हाताने उपटावीत. बी धरलेले तण बांधावर टाकू नये, पाटाच्या पाण्याबरोबर ते पुन्हा रानात येते. उकिरड्यातही टाकू नये. शेणखत नीट कुजले नाही, तर बी जिवंत राहते. ते वाळवून जाळावे.