गणित चुकते तेव्हा काय चुकते?

मांडवीला आमच्या शेजारचा तिसरीतला मुलगा संध्याकाळी माझ्याकडे गणितासाठी येत असे. एके दिवशी मी त्याला उदाहरण घातले : ‘बाळूकडे २४ आंबे आहेत. ते सोनूच्या आंब्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर सोनूकडे किती?’ तो क्षणात म्हणाला, ‘तीस!’ बेरीज बिनचूक होती. गणित मात्र चुकले होते. ‘अगदीच ढ आहेस!’ मी बोलून गेलो. त्यानंतर दोन दिवस तो फिरकला नाही. मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणविणाऱ्या मला पुस्तके पुन्हा उघडावी लागली.

मनाचा कारभार पाहणाऱ्या शक्तींना मानसशास्त्रात ‘कार्यकारी क्षमता’ म्हणतात. मियाके व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्यांतील तीन वेगळ्या दाखविल्या. पहिली कार्यस्मृतीची : आकडे आणि अट मनात धरून त्यांवर काम करणे. दुसरी आवर घालण्याची : चटकन सुचलेले उत्तर रोखून धरणे. तिसरी पालटाची : एक रीत सोडून दुसरी धरणे. गणितात कच्च्या मुलांना आवर आणि कार्यस्मृती कमी पडते, म्हणून नवी रीत धरणे त्यांना जड जाते, असे बुल व स्केरिफ यांना २००१ सालच्या अभ्यासात आढळले. आमच्या छोट्या मित्राला ‘जास्त’ हा शब्द ऐकताच बेरीज सुचली. ती त्याला रोखता आली नाही, एवढेच.

मराठी मुलाला याहून एक अधिक ओझे वाहावे लागते. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी कानी पडतात, पण लिहिताना दोन आधी लिहायचे. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, पण लिहायचे २९! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण पुढे मांडली होती. ‘एकवीस’ सोडावे असे मला वाटत नाही. परंतु ही अडचण खरी आहे, हे आपण मान्य करायला हवे.

मग उपाय काय? मनावरचा भार हलका करणे. पाढे पाठ असले की कार्यस्मृती उदाहरणाचा विचार करायला मोकळी राहते; आपल्या जुन्या शाळांतील पाठांतराचे मोल यातच आहे. मात्र नुसत्या पाढ्यांनी आवर घालता येत नाही. त्यासाठी थांबण्याची सवय लावावी लागते.

तिसऱ्या दिवशी मीच त्याला बोलावून आणले. अंगणात चिंचोके मांडले आणि नियम केला : आकड्यांना हात लावण्यापूर्वी कोणाकडे जास्त ते सांगायचे. तो थबकला. ‘बाळूकडे,’ म्हणाला. मग सहा चिंचोके बाजूला सारून हळूच म्हणाला, ‘अठरा.’

मुलगा तोच होता, उदाहरणही तेच. दोन दिवसांपूर्वी आवर घालायला हवा होता, तो खरे तर माझ्या जिभेला.