माळावरच्या वाटा

धाराशिव,
मार्गशीर्ष

चि. सोनूस,


जैसलमेरचा बेत मोडून तू ऑफिसातल्या मंडळींना आपल्याकडे आणतेस, हे वाचून फार आनंद झाला. वाळूच्या टेकड्या आपल्याकडे नाहीत. पण पर्जन्यछायेतला हा माळ, बालाघाटचा काळा खडक, कमरेएवढं वाळलेलं गवत आणि मधेच एखादी बाभूळ, हे ज्याला बघता येतं त्याला दुसरीकडे जायची गरज पडत नाही. फक्त एप्रिलमधली जोडून आलेली सुट्टी मनातून काढून टाक. जानेवारीच्या शेवटी या. हुरडा मिळेल आणि पहाटे अंगावर स्वेटर लागेल.

तू विचारलंस, सोपी वाट कोणती आणि अवघड कोणती. आपल्याकडे हे उंचीवरून ठरवू नकोस. तुझ्या यादीतल्या, हरिश्चंद्रगड केलेल्या दोघांना आपले डोंगर टेकाडंच वाटतील आणि मला काळजी त्यांचीच आहे. सह्याद्रीत बऱ्याच वाटांना झाडी आहे, गडावर खोदीव टाकी आहेत. इथे ओढे संक्रांतीनंतर आटू लागतात आणि सावली दगडाआड सापडली तर सापडली. आपल्याकडची वाट सावली, पाणी आणि घड्याळ या तिन्हींवर अवघड-सोपी होते.

याचा सर्वांत मोठा दाखला तू लहानपणापासून बघत आलीस. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला माणसं पायी येतात. सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. त्यात साठी उलटलेल्या बायका असतात, अनवाणी चालणारे असतात. त्यांना ते जमतं, कारण बरेचसे लोक रात्री, चांदण्यात चालतात; जागोजागी पाणी आणि चहा देणारी माणसं उभी असतात आणि थकलं की बसायला सोबत असते. हेच अंतर वैशाखातल्या भर दुपारी तुझ्या तगड्या पोरांनाही झेपायचं नाही.

आता वाटा. तुझ्या मैत्रिणीच्या आईचे गुडघे दुखतात म्हणतेस, त्यांच्यासाठी नळदुर्ग. सगळा किल्ला फिरलाच पाहिजे असं नाही. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यापर्यंत त्यांना सावकाश न्या आणि बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल दाखवा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं ते काम आहे. नर-मादी धबधबे मात्र दिसणार नाहीत. बोरीला भरपूर पाणी येऊन ते बंधाऱ्यावरून सांडलं, तरच ते वाहतात. ज्यांच्या पायात बळ आहे त्यांनी तेवढ्या वेळात उपळी बुरूज चढून यावं. वर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहे, आणि तिथून सबंध तटबंदीचा घेर नजरेत येतो.

मधल्या मंडळींसाठी धाराशिवची लेणी. शहरापासून जवळ, बालाघाटाच्या घळीत कोरलेली. मोठ्या लेण्यात शिरलीस की बाहेरचं ऊन एकदम तुटतं आणि अंधाराला डोळे सरावल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती दिसू लागते. तिथे घाई करू देऊ नकोस. लेणी आधी बौद्धांची की जैनांची, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. तोही त्यांना सांग.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घे. गडावर आधी चढ असतो, त्यामुळे दम किती उरलाय ते अर्ध्या वाटेतच कळतं आणि माणूस परत फिरतो. लेण्यांना आणि येडशीच्या रामलिंग मंदिराला उलटं आहे. सकाळच्या गारव्यात पायऱ्या उतरून आपण सहज खाली जातो. चढ शेवटी येतो, अंग थकलेलं असताना, ऊन डोक्यावर असताना. म्हणून उतरण्याआधीच ठरव की दहा वाजता सगळे परत वर असतील. खाली जायच्या आधी प्रत्येकाला विचार, हे परत चढशील ना? ज्याचा चेहरा जरा साशंक दिसेल त्याला वरच सावलीत बसव, सोबतीला एक जण ठेव.

रामलिंगला अभयारण्य आहे. तुझ्या गडवाल्यांना झाडीत, घळीत लांब फिरायचं असेल तर आधी वनखात्याला विचारायचं, आणि सोबत तिथला माहीतगार माणूस घ्यायचा. जटायूने रावणाला अडवलं ते इथे, असं लोक सांगतात. माकडं फार आहेत. खायचं हातात धरून चालू नका.

माणशी तीन लिटर पाणी. अर्धं संपलं की परत फिरायचं, समोर कितीही सुंदर दिसत असलं तरी. बूट घोट्यापर्यंतचे आणि पँट पूर्ण पायाची, नाहीतर कुसळं मोज्यात शिरून रक्त काढतात. डोक्याला पंचा. दगड उचलायचा नाही, कपारीत हात घालायचा नाही. फुरसं मातीच्या रंगाचं असतं आणि ते हलत नाही. लेण्यांत आणि किल्ल्यात आग्या मोहळं लागतात, तिथे धूर, आरडाओरडा आणि अत्तर नको. कुणी बोलता बोलता बरळायला लागलं, अंग तापलं, तर तो नुसता थकवा समजू नकोस. सावलीत आडवं कर, ओलं कापड अंगावर टाक, वारा घाल आणि थेट दवाखाना गाठ.

पुढे चालायला सगळ्यांत हळू चालणाऱ्याला दे. पोरं कुरकुरतील, कुरकुरू देत.

कोण कोण येतंय ते वयासकट कळव, म्हणजे गाड्यांचं आणि जेवणाचं बघतो. मैत्रिणीच्या आईंना मात्र नक्की आण. आपल्याला जमायचं नाही म्हणून त्या घरी थांबतील, तर त्यांच्याशी मी स्वतः फोनवर बोलेन.

तुझा,
काका