हाताला मानवणारा माउस : खरेदीपूर्वी विचारात घ्यावयाच्या काही गोष्टी

गतवर्षी आपल्या रुग्णालयाच्या एका हितचिंतक देणगीदारांनी विश्वस्त मंडळापुढे एक आस्थेचा प्रस्ताव ठेवला. केसपेपरच्या रांगेत उभे असताना खिडकीमागील भगिनी दर दोन-तीन मिनिटांनी उजवा हात झटकीत असल्याचे त्यांच्या पाहण्यात आले होते. चौकशी केल्यावर बिल विभागात आणि औषध भांडारातही हात, खांदा व मान दुखण्याची तक्रार असल्याचे कळले. तेव्हा या सर्व टेबलांसाठी हल्ली बाजारात मिळणारे ‘उभे’ माउस आपण देणगीदाखल द्यावेत, असे त्यांनी सुचविले. मंडळाने प्रस्ताव भौतिकोपचार विभागाकडे अभिप्रायार्थ पाठविला. तो अभिप्राय तयार करताना जे वाचावे लागले आणि टेबलाटेबलाशी उभे राहून जे पाहावयास मिळाले, त्यातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे. रुग्णांचे नातेवाईकही विभागात वरचेवर हाच प्रश्न विचारतात, म्हणून तो अहवालात समाविष्ट करीत आहोत.

माउस या उपकरणाचा जन्म प्रयोगशाळेतला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला नमुना तयार केला. तो म्हणजे एक लाकडी ठोकळा होता. खाली काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक आला आणि माउस सामान्य ग्राहकाच्या टेबलावर पोहोचू लागला. पडद्यावरील एखाद्या ठिकाणाकडे बोट दाखविण्याची ही सोय होती. लेखनिकाने आठ-आठ तास तिच्यावर हात ठेवून बसावे, अशी वेळ पुढे कामाच्या पद्धतीने आणली.

हात का दुखतो, हे कळल्याशिवाय माउसची निवड करणे म्हणजे पायाचे माप न घेता पादत्राण आणणे होय. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडांची एक पन्हळ असून तिच्यावर एक चिवट पट्टा ताणलेला असतो. या अरुंद बोगद्यातून बोटे वाकविणाऱ्या नऊ कंडरा आणि ‘मीडियन’ नावाची एक नस जाते. बोगद्यातील दाब वाढला की प्रथम कुरकुर करते ती नस. अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. रात्री झोपेतून जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. यालाच ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. सर्वसामान्य बोलण्यात मात्र माउस वापरणाऱ्याचे कोणतेही दुखणे याच नावाने ओळखले जाऊ लागले आहे, आणि येथूनच गोंधळास प्रारंभ होतो. आमच्या पाहण्यात येणाऱ्या बहुसंख्य तक्रारी मनगटाच्या बोगद्याच्या नसतात. कोपराखालच्या बाहूच्या वरच्या बाजूस ठणका, खांद्याच्या पात्यापाशी ओढ आणि मानेला ताठरपणा, असे त्यांचे स्वरूप असते. हात अधांतरी धरून ठेवल्याने स्नायू थकतात, इतकाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो.

आता संशोधनाकडे वळू. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींच्या मनगटात सूक्ष्म नळी घालून बोगद्यातील दाब प्रत्यक्ष मोजण्यात आला. माउसवर हात नुसता ठेवला असता दाब त्या मानाने कमी वाढे. परंतु माउसने वस्तू ओढणे व नेमकेपणाने टिपणे ही कामे सुरू होताच तो चढे आणि ओढण्याच्या कामात सरासरी २९ ते ३३ मिलिमीटरच्या घरात जाई. रक्तदाबाप्रमाणेच हेही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच मोजतात. ३० मिलिमीटरच्या आसपासचा दाब दीर्घकाळ राहिल्यास नसेच्या रक्तपुरवठ्यास बाधा येऊ शकते, असे मानले जाते. या प्रयोगात तीन वेगवेगळ्या आकारांचे माउस वापरले होते. त्यांच्यामुळे दाबात लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो कामामुळे.

देणगीदारांच्या प्रस्तावाच्या दृष्टीने २०१५ सालचा अभ्यास अधिक बोलका आहे. कार्पल टनेलचा विकार जडलेल्या २१ रुग्णांवर उभा माउस, जेलची गादी असलेला पॅड आणि तळहाताखाली सरकणारा आधार या तिन्ही साधनांची परीक्षा झाली. उभ्या माउसमुळे मनगटाचे करंगळीकडे वळणे कमी झाले, सरकत्या आधारामुळे मनगट मागे वाकणे कमी झाले. परंतु बोगद्यातील दाब एकानेही उतरला नाही. मनगट अधिक सरळ दिसते म्हणजे नस सुखात आहे, हे गृहीत धरता येत नाही.

दुसऱ्या बाजूचाही उल्लेख केला पाहिजे, अन्यथा आम्ही घबराट पसरवीत आहोत असे व्हायचे. डेन्मार्कमधील तांत्रिक साहाय्यकांच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. संगणकाचा वापर हा कार्पल टनेलच्या विकाराचा गंभीर धोका ठरत नाही, असा तिचा निर्वाळा होता. मात्र आठवड्याला २० तासांहून अधिक माउस वापरणाऱ्यांत मुंग्या येण्याच्या तक्रारीचा संबंध आढळला होता. आमच्या बिल विभागात आठवड्याचे २० तास बुधवारी दुपारीच भरतात.

उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ सालच्या समीक्षेत बाहूला आधार व पर्यायी माउस ही दोन्ही एकत्र दिल्यास मान व खांद्याचे विकार कमी होऊ शकतात, असे म्हटले आहे. नुसत्या पर्यायी माउसबद्दल तशी ग्वाही तीत नाही. ‘बाहूला आधार’ हे शब्द आम्ही अधोरेखित करून ठेवले आणि टेबले पाहावयास निघालो.

आपल्याकडील संगणकाच्या टेबलाला कीबोर्डसाठी एक सरकता फळा असतो. तो कीबोर्डाइतकाच रुंद असल्याने माउसला त्यावर जागा उरत नाही आणि तो वरच्या टेबलावर, मॉनिटरच्या शेजारी जाऊन बसतो. परिणामी उजवा हात दिवसभर पुढे ताणलेला आणि खांदा किंचित उचललेला. केसपेपरच्या खिडकीवर नेमकी हीच मांडणी होती. जोडीला टेबलावर काच होती. तिची धार बाहूत रुतत होती, आणि काचेवर प्रकाशकिरणावर चालणारा माउस नीट चालत नसल्याने कुणीतरी त्याखाली जुन्या कॅलेंडरचे पान चिकटवले होते. अशा ठिकाणी कोणत्याही किमतीचा माउस ठेवला तरी खांदा उचललेलाच राहणार.

बिल विभागातील अडचण निराळी होती. तेथे जागा पुरेशी, परंतु कीबोर्ड पूर्ण लांबीचा, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर. त्याच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळांचा चौकोन असतो आणि माउस त्याच्याही पलीकडे. अरुंद खांद्यांच्या व्यक्तीचा, विशेषतः स्त्रियांचा, हात तेथवर जाताना बाहेरच्या बाजूस फिरतो. आकड्यांचा चौकोन नसलेला आखूड कीबोर्ड दिल्यास माउस आठ-नऊ सेंटीमीटर जवळ येतो. केसपेपरच्या खिडकीसाठी हा उपाय उत्तम. पण बिले करणाऱ्यांचा सारा व्यवहार आकड्यांशी, त्यांचा चौकोन काढून कसे चालेल? तेथे माउस डाव्या हाताला देण्याचे ठरले. सुरुवातीस विरोध झाला. डाव्या हाताने काम करणे बरे दिसत नाही, असे एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी स्पष्टच सांगितले. संगणकात बटणांची अदलाबदल करता येते, ती करून दिली. हात रुळण्यास दोन आठवडे लागले. आता उजवा हात आकडे घालतो आणि डावा माउस हलवितो. दोघांनाही आळीपाळीने उसंत मिळते. येथे एक गोष्ट ध्यानात आली. देऊ केलेले उभे माउस उजव्या हाताच्या घडणीचे होते, त्यामुळे ते या टेबलांवर निरुपयोगीच ठरले असते.

तरीही माउस कसा निवडावा, हा मूळ प्रश्न राहतोच. सर्वप्रथम आकार पाहावा. हात माउसवर सैल ठेवला असता तळवा त्याच्या पाठीवर विसावला पाहिजे आणि बोटे बटणांवर सहज पडली पाहिजेत. बोटे आखडून नख्यांसारखी उभी राहत असतील तर माउस लहान आहे. अंगठा व करंगळी फाकून त्याला कवटाळीत असतील तर मोठा. लॅपटॉपसोबत नेण्यासाठी केलेले चिमुकले माउस स्वस्त व सुबक असतात, पण दिवसभराच्या कामासाठी ते घेऊ नयेत. दुसरे, बटण किती जोराने दाबावे लागते ते दुकानातच पन्नास वेळा दाबून पाहावे. दुकानदार विचित्र नजरेने पाहील, त्याची फिकीर करू नये. बिनतारी माउसमध्ये वायरीची ओढ नसते, हा खरा लाभ आहे. मात्र बॅटरीमुळे तो जड नाही ना, हे पाहून घ्यावे. पडद्यावरील बाण किती वेगाने सरकावा हे संगणकात ठरविता येते. तो वेग थोडा वाढविल्यास हाताची हालचाल कमी होते, फार वाढविल्यास बाण टिपण्यासाठी बोटे ताठ होतात. यातील सुवर्णमध्य ज्याचा त्याने शोधावा.

उभ्या माउसला आमचा सरसकट विरोध नाही. तळवा खाली वळविणे ज्यांना मुळातच दुखते, उदाहरणार्थ मनगटाचे हाड मोडून जुळलेल्या काही व्यक्ती, त्यांना त्याने खरोखर आराम पडतो. अंगठ्याने चेंडू फिरविण्याच्या ट्रॅकबॉलने हात जागच्या जागी राहतो, खांद्याला विसावा मिळतो. पण सारे श्रम अंगठ्यावर येतात. अंगठ्याच्या मुळाशी आधीच दुखत असेल तर तो टाळावा. मनगटाखाली ठेवावयाच्या मऊ उशीबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही. मनगटाचा नाजूक भाग तिच्यावर दाबून धरल्यास बोगद्यावर बाहेरून भार पडतो. टेकवायचाच तर तळहाताचा टाच असलेला भाग टेकवावा, तोही दोन कामांच्या मधल्या वेळेत.

१९९९ सालच्या प्रयोगात वस्तू ओढण्याच्या कामाने दाब चढला होता, हे वर आलेच आहे. विंडोजच्या माउस-व्यवस्थेत ‘क्लिकलॉक’ नावाची सोय आहे. ती सुरू केल्यास बटण दाबून धरल्याशिवाय ओढता येते. अर्जातील एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाण्यास टॅब ही कळ पुरते. केसपेपर भरताना प्रत्येक रकान्यासाठी माउसकडे जाणारा हात यामुळे पुष्कळ वाचला, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही.

येथे एका रुग्ण भगिनींचा अनुभव नोंदवावासा वाटतो. त्या हिशेबनिसाचे काम करीत. रात्री हात बधिर होऊन जाग येई. माउसचा दोष समजून त्यांनी वर्षभरात तीन माउस बदलले, प्रत्येक आधीच्याहून महाग. आमच्याकडे आल्या तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला होता आणि पोळी लाटताना लाटणे निसटत होते. तपासणीत थायरॉइडची न्यूनता आढळली, जिची त्यांना कल्पनाही नव्हती. नसेची परीक्षा होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. मुंग्या गेल्या, अंगठ्याचे बळ मात्र पूर्ण परतले नाही. थायरॉइडची न्यूनता, मधुमेह, संधिवात आणि गरोदरपण यांत हा विकार अधिक आढळतो. पहिल्या काही महिन्यांत रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधूनही अनेकांचे भागते. म्हणून रात्री झोपमोड करणाऱ्या मुंग्या, हातातून वस्तू निसटणे किंवा अंगठ्याखालचा उंचवटा बसू लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास संगणकाच्या दुकानाऐवजी बाह्यरुग्ण विभागात यावे.

विभागाचा अभिप्राय विश्वस्त मंडळाने देणगीदारांना दाखविला. आपल्या मूळ कल्पनेत बदल करण्यास त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली. त्यांच्या देणगीतून कीबोर्डचे सरकते फळे माउस मावेल इतके रुंद करून घेतले, काचा काढल्या, खिडकीवरील टेबलांना आखूड कीबोर्ड दिले आणि दोन्ही हातांना चालतील असे, लहान व मोठ्या आकारांचे साधे माउस घेतले. केसपेपरच्या खिडकीवरील भगिनींची खांद्याची तक्रार बरीच कमी झाली आहे. मानेची अद्याप आहे, कारण मॉनिटर अजून तिरपा ठेवावा लागतो. भिंतीचे काम होईपर्यंत तो हलविता येणार नाही.

उरलेल्या रकमेतून दोन उभे माउस व एक ट्रॅकबॉल घेऊन भौतिकोपचार विभागात ठेवले आहेत. रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना ते विनामूल्य हाताळून पाहता येतात. खरेदीचा विचार असल्यास आठवडाभर घरीही नेता येतात. येताना आपल्या टेबलाचे मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र सोबत आणावे, आणि बसल्यावर कोपर टेबलाच्या वर राहते की खाली, एवढे पाहून यावे.