आमचा गीझर का बंद पडत होता?

नागपूरच्या उन्हाळ्यावर जोक्स भरपूर आहेत, पण आपल्या थंडीला कोणी सिरियसली घेत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. अशा सकाळी हॉस्टेलमध्ये गरम पाण्याच्या बादलीसाठी जी लाइन लागते, ती पाहिली की थर्मल इंजिनिअरिंग हा विषय सिलॅबसमध्ये का आहे ते लगेच समजतं.

थर्मलच्या तासाला सरांनी आम्हाला कंडेन्सिंग बॉयलर शिकवला. थंड देशांत हा घरोघरी असतो. इंग्लंडमध्ये तर २००५ पासून नवीन गॅस बॉयलर बसवायचा तर साधारणपणे याच प्रकारचा बसवावा लागतो. कल्पना सोपी आहे. गॅस जळला की धुरासोबत पाण्याची वाफही तयार होते. एक किलो प्रोपेन जळला तर सुमारे १.६ किलो पाणी! साध्या बॉयलरमध्ये ही वाफ धुराड्यातून निघून जाते. कंडेन्सिंग बॉयलर धूर साधारण ५५ अंशांच्या खाली थंड करतो, वाफेचं पाणी होतं आणि वाफेतली लपलेली उष्णता परत मिळते. ते पाणी थोडं आम्लधर्मी असतं, म्हणून ते वाहून नेणारी प्लॅस्टिकची नळी असते. कडक थंडीत ही नळी बाहेर गोठली की बॉयलर बंद.

कोणीतरी विचारलं, "सर, हा आपल्याकडे कुठे पाहायला मिळेल?" सर म्हणाले, "नाही मिळणार. घरी गॅस गीझर आहे ना, तो पाहा. बर्नर तोच, धूर तोच. फक्त धुराड्याचा विचार आपण करत नाही."

तेव्हा मी ते वाक्य वहीत लिहिलं सुद्धा नाही.

गीझर पेटतो कसा?

आमचं घर हुडकेश्वरला आहे. पाणी बोअरचं, जड. स्टीलच्या बादलीत दोन दिवसांत पांढरा थर बसतो. बाथरूममध्ये मिनिटाला ६ लिटरवाला गॅस गीझर होता. त्याचं काम असं चालतं:

नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, सरकतो. तो एक छोटा स्विच दाबतो. टॉर्चच्या दोन मोठ्या सेलवर (मिळून ३ व्होल्ट) ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतो. ज्योतीजवळ एक बारीक सळई असते, ती "ज्योत आहे" असा सिग्नल देत राहते. सिग्नल थांबला की व्हॉल्व्ह बंद. पाणी जास्त तापलं तरी बंद. म्हणजे गीझर बंद पडतो तेव्हा बऱ्याचदा तो बिघडलेला नसतो, त्याला काहीतरी खटकलेलं असतं.

मी केलेली दुरुस्ती

मागच्या डिसेंबरमध्ये आमचा गीझर अंघोळ अर्धी झाली की बंद पडायला लागला. आई म्हणाली, "घरात इंजिनिअर आहे ना, पाहा जरा." मी पाहिलं. वरच्या झरोक्यातून गार वारा सरळ गीझरवर येत होता. मला वाटलं, वाऱ्याने ज्योत विझते! मी झरोक्यात थर्माकोल बसवला आणि त्यावर मार्करने लिहिलं, "काढू नका". त्याच दिवशी सेल बदलले, आणि पाण्याच्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळी कचऱ्याने भरली होती ती पण साफ केली.

गीझर मस्त चालायला लागला. बाथरूम उबदार राहायला लागलं. घरात माझं खूप कौतुक झालं.

ज्योत मात्र निळ्याऐवजी पिवळी होती. ती मला दिसली होती. छान वाटली, दिव्यासारखी.

चौथ्या दिवशी माझा धाकटा भाऊ अंघोळीला गेला. तो आत गाणी म्हणतो. गाणं थांबलं, पाण्याचा आवाज चालूच राहिला. आईने हाक मारली, उत्तर नाही. बाबांनी धक्के मारून कडी तोडली. तो भिंतीला टेकून बसला होता, डोळे अर्धे उघडे. त्याला ओढत अंगणात आणलं. पाच-सात मिनिटांनी तो म्हणाला, "ताई, पायातली ताकदच गेली." दवाखान्यात त्याला काही तास ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गॅस गीझर आहे का?" आणि दुसरा, "बाथरूमला खिडकी आहे का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

हवेचा हिशोब

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी जो हिशोब आधी करायला हवा होता तो केला. तुम्हीही करून पाहा.

६ लिटर पाणी मिनिटात २५ अंशांनी तापवायचं तर साधारण ६३० किलोज्यूल लागतात, म्हणजे १०.५ किलोवॅट. गीझरची कार्यक्षमता ८४ टक्के धरली तर गॅसमधून १२.५ किलोवॅट हवेत. एलपीजीची उष्णता किलोला ४६ मेगाज्यूल धरा. मिनिटाला १६ ग्रॅम गॅस झाला. एक ग्रॅम गॅसला जवळपास १५.५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे मिनिटाला २५० ग्रॅम, सुमारे २१० लिटर हवा!

आमचं बाथरूम ४ फूट बाय ६ फूट, उंची ८ फूट. एकूण हवा सुमारे ५,४०० लिटर. त्यात ऑक्सिजन २१ टक्के. गीझर मिनिटाला सुमारे ४४ लिटर ऑक्सिजन खातो. दार आणि झरोका पूर्ण बंद धरला तर ऑक्सिजन २१ वरून १८ टक्क्यांवर यायला चार मिनिटं सुद्धा लागत नाहीत. दाराच्या फटीतून थोडी हवा येते म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, एवढंच.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसचा जो वास येतो तो त्यात मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टनचा असतो, आणि तो तर जळून गेलेला असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात, आणि कडी काढायची ताकद राहत नाही. काहींना झटके येतात आणि घरचे त्याला मिरगी समजतात. आपल्याकडच्या न्यूरॉलॉजिस्ट मंडळींनी याला "गॅस गीझर सिंड्रोम" असं नावच दिलं आहे.

मेकॅनिकने काय पाहिलं

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक काका आले. आत गेल्या गेल्या त्यांनी थर्माकोल पाहिला. "हे कोनं लावलं जी?" मी म्हटलं, मी. त्यांनी गीझरचं कव्हर काढलं. तांब्याच्या पत्र्यांमध्ये काजळी भरलेली. बर्नरच्या छिद्रांत धूळ आणि कोळ्याची जाळी. "पिवळी जोत म्हंजे गीझर हवा मांगून राह्यला. तुम्ही उलटी बंद केली."

आणि मूळ बिघाड? तो जाळीतला कचरा आणि उतरलेले सेल, एवढाच होता. वाऱ्याचा काही संबंध नव्हता. मी तीन बदल एकाच दिवशी केले, दोन बरोबर आणि एक चूक, आणि श्रेय चुकीच्याला दिलं. लॅबमध्ये आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. घरी मी ते विसरले.

बंद पडला तर, या क्रमाने

१. सेल. ठिणगीचा टकटक आवाज मंद असेल किंवा येतच नसेल तर आधी सेल बदला.

२. पाण्याचा दाब. दर मीटर उंचीला सुमारे ०.१ बार दाब मिळतो. टाकी गीझरच्या वर फक्त दोन मीटर असेल आणि सकाळी अर्धी रिकामी झाली असेल, तर डायफ्राम सरकत नाही. पाणी बंद करून जाळीही साफ करा.

३. गॅस. सिलिंडर संपत आलाय का? नळी दबलीय का? गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडीने कधीच नाही.

४. क्षार. पाणी खूप कढत पण धार बारीक येत असेल तर आत थर बसलाय. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने तो विरघळतो. फरशीचं ॲसिड वापरू नका, ते तांबंही खातं. हे काम मेकॅनिककडूनच करवा.

५. ज्योत. निळी हवी. पिवळी दिसली की गीझर बंद करा आणि सर्व्हिसिंग होईपर्यंत चालू करू नका. हिवाळ्याआधी वर्षातून एकदा सर्व्हिसिंग कराच.

सेन्सरची वायर जोडून टाकणे, कट-ऑफ बायपास करणे असले "जुगाड" कोणी सुचवले तर हात जोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. ते होईपर्यंत बादली भरा, गीझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा, मग अंघोळीला जा. कोणी आत पडलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत काढा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. आपल्यापैकी बरेच जण पुढच्या वर्षी बाहेर रूम करणार आहेत. भाडं आणि डिपॉझिट विचाराल तेव्हा गीझर कुठे लावलाय ते पण पाहून घ्या.

आमचा गीझर आता मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली आहे. बाथरूममध्ये आता गार वारा येतो आणि भाऊ रोज कुरकुर करतो. तो आत गाणी म्हणतो तेव्हा मी बाहेर अभ्यास करत असते. गाणं जरा थांबलं की मी हाक मारते. तो चिडतो, पण उत्तर देतो.