ओट्याखालचें कपाट : मापाचा एक धडा

भूमितीचीं प्रमेयें परीक्षेपुरतींच उपयोगी असतात, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. तो दूर करावयाचा असेल तर ओट्याखालच्या कडप्प्याच्या खणांत बसेल असें एक कपाट वडील माणसांच्या देखरेखीखालीं स्वतः करावयास घ्यावें. पहिल्याच खेपेस सगळें स्वयंपाकघर हातीं घेऊं नये. एकच खण निवडावा, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

पहिलें माप घ्यावयाचें तें लाकडाचें नव्हे, कामाचें. १९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोट्झ्की ह्या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठीं स्वयंपाकघर आंखलें. गृहिणीला किती पावलें चालावें लागतें आणि कोणत्या कामास किती वेळ लागतो, ह्याचा विचार त्यांनीं आधीं केला. त्या नमुन्याचीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. आपणही घरांत स्वयंपाक करणारांस प्रथम विचारावें, कीं रोज लागणारीं भांडीं कोणतीं? कुकर, परात, पिठाचा डबा ह्यांची उंची-रुंदी कागदावर लिहून घ्यावी. रोजचें जड भांडें तळाशीं व पाठीमागें गेलें, तर आईला दिवसांतून अनेक वेळां कंबरेंत वांकावें लागेल. मग कपाट कितीही देखणें असलें तरी तें फसलेंच म्हणावयाचें.

ह्यानंतर खण मोजावा. कडप्पा क्वचितच ओळंब्यांत असतो. म्हणून रुंदी वर, मध्यें व खालीं अशी तीन ठिकाणीं मोजून सर्वांत लहान तीच खरी धरावी. उंचीचेंही तसेंच. समजा, रुंदी ६०४ व उंची ७३४ मिलिमीटर भरली. दोन्ही बाजूंस दोन दोन मिलिमीटर मोकळीक ठेवून कपाट ६०० मिलिमीटर रुंद करावें. उंचींतून ४ मिलिमीटर मोकळीक व १०० मिलिमीटरचे पाय वजा जातां पेटी ६३० मिलिमीटर उंच होते. पाय फिरवून कमीजास्त करतां येण्याजोगे घ्यावेत, म्हणजे फरशीचा उतार सांभाळतां येतो आणि फरशी धुतांना पाणी फळीच्या कडेस लागत नाहीं.

पेटीस १८ मिलिमीटर जाडीचें प्लायवूड पुरतें. मोरीच्या भांड्याखालीं मात्र आय. एस. ७१० हा शिक्का असलेलें घ्यावें. तें ओलाव्यास टिकतें. तळ दोन बाजूंच्या मध्यें बसतो, म्हणून त्याची लांबी ६०० नव्हे, तर ६०० − ३६ = ५६४ मिलिमीटर. नवशिक्याचें लाकूड बहुधा येथेंच वायां जातें. दुसरी गोष्ट करवतीच्या पात्याची. २४४० मिलिमीटर लांबीच्या फळींतून ६१० चे चार तुकडे गणितानें बरोबर निघतात. पण पातें प्रत्येक छेदांत सुमारें ३ मिलिमीटर लाकूड खातें. तीन छेदांत ९ मिलिमीटर गेल्यावर चौथा तुकडा आंखूड पडतो. म्हणून सगळ्या तुकड्यांची यादी आधीं करावी, मोजण्याची फीत एकच वापरावी, आणि मोठे छेद दुकानांतील यंत्रावर करवून घ्यावेत.

जोडतांना प्रत्येक स्क्रूसाठीं आधीं बारीक भोंक पाडावें, नाहींतर फळीची कड फाटते. सरस ओला असतांनाच दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू समान असून कर्णही समान असले, तरच कोन काटकोन ठरतात. आपल्या पेटीचा कर्ण पायथागोरसच्या प्रमेयानें असा येतो : ६०० व ६३० ह्यांच्या वर्गांची बेरीज ७,५६,९००, तिचें वर्गमूळ ८७०. एक कर्ण मोठा भरला, तर त्याचीं दोन टोंकें हलकेच एकमेकांकडे दाबावींत. सरस वाळल्यावर हा दोष जात नाहीं. मग दारें तिरपीं लटकतात आणि दोष बिजागऱ्यांस दिला जातो!

एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. ज्या खणांत गॅसचें सिलिंडर असेल तो कधींही बंदिस्त करूं नये. हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें गळल्यास तळाशीं सांचतो. म्हणून तेथें अगदीं खालीं मोकळी जागा ठेवलीच पाहिजे. सुबकपणासाठीं घरच्या माणसांचा जीव धोक्यांत घालणें शहाणपणाचें नव्हे.

दारांचें माप पेटी तयार झाल्यावरच घ्यावें. विद्यार्थिमित्रहो, तें आम्ही तुमच्याकडे सोंपवितों : ६०० मिलिमीटर रुंदीवर दोन सारखीं दारें बसवावयाचीं असून दोन्ही कडांस व मध्यें प्रत्येकीं २ मिलिमीटर फट ठेवावयाची आहे, तर प्रत्येक दार किती रुंद करावें? उत्तर काढल्यावर पट्टी घेऊन आपल्या घरचा ओटा मोजावयास जा, आणि मोजण्यापूर्वीं आईला विचारावयास विसरूं नका.