ट्रॅक्टर व ट्रॉली यांची सुरक्षित जोडणी

महाराष्ट्रात उसाचा गळीत हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात शेतापासून कारखान्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रात्रंदिवस ये-जा असते. हंगामापूर्वी ट्रॅक्टरचे इंजिन तपासले जाते, तेल बदलले जाते, टायर पाहिले जातात. परंतु ट्रॅक्टर व ट्रॉली यांना एकत्र ठेवणारी जी पीन, तिच्याकडे पाहण्याचे बहुधा राहून जाते. बैलगाडी जुंपताना जाणता गाडीवान जुवाच्या शिवळा व सापत्या नीट पाहिल्यावाचून कासरा हाती घेत नाही. हीच शिस्त ट्रॅक्टरच्या बाबतीत पाळणे अधिक अगत्याचे आहे; कारण बैल सुटला तर गाडी जागीच बसते, भरलेली ट्रॉली सुटली तर ती थांबविण्याचे साधन कोणाच्याही हाती राहत नाही.

पिनेवर किती ओढ पडते?

समजा, मालासह ट्रॉलीचे एकूण वजन ८ टन आहे आणि १० मीटर अंतरात १ मीटर चढणाऱ्या रस्त्याने ट्रॅक्टर ती ओढीत आहे. अशा चढावर केवळ उतारामुळे ट्रॉली सुमारे ८०० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने मागे खेचली जाते. चाकांचा रस्त्याशी होणारा विरोध, खाचखळग्यांतील हिसके आणि ट्रॅक्टर जागचा हलताना बसणारा झटका यांचा भार निराळाच. हा सर्व भार एका पिनेवर येतो. याच चढावर ट्रॉली सुटली आणि चाकांचा विरोध हिशेबात धरला नाही, तर १० सेकंदांत ती सुमारे ५० मीटर मागे जाते व तिचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. मागून येणारा सायकलस्वार किंवा रस्त्याच्या कडेने चालणारी शाळकरी मुले यांना तेवढ्या वेळात बाजूस होणे कठीण असते.

पीन कशी असावी?

पीन कठीण पोलादाची, डोके असलेली व हुकाच्या छिद्रात बेताची बसणारी असावी. ती नेहमी वरून खाली घालावी, म्हणजे स्वतःच्या वजनाने ती जागेवर राहते. तिच्या खालच्या टोकाच्या छिद्रात कडीची लिंच पीन अवश्य बसवावी. लिंच पीन हरवली म्हणून तेथे खिळा, तार, सुतळी किंवा बाभळीची काटकी अडकविण्याची सवय घातक आहे. खाचखळग्यांच्या रस्त्यावर मुख्य पीन सतत वर उडत असते व असल्या काटकीचा टिकाव लागत नाही. दहा-वीस रुपयांची ही वस्तू चालकाच्या पेटीत दोन-चार शिल्लक ठेवणे कोणालाही परवडते.

मुख्य पिनेऐवजी बांधकामाची सळई अथवा आटे पाडलेला बोल्ट वापरू नये. आट्यांच्या खाचेत पोलादाची जाडी कमी असते आणि तडा प्रथम तेथेच जातो.

झिजेची बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या पिनेऐवजी २० मिलिमीटरची पीन वापरली, तर व्यास पाचव्या हिश्श्यानेच कमी झाला असे वाटते. प्रत्यक्षात पिनेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी घटते आणि वाकण्यास विरोध करण्याची तिची शक्ती जवळजवळ निम्मी होते. झिजून बारीक झालेल्या पिनेचीही गत थोडीफार अशीच होते. शिवाय सैल पिनेवर ट्रॉलीचे कडे प्रत्येक वेळी हातोड्यासारखे आदळते, त्यामुळे झीज आणखी वाढते. पिनेवर खाच पडलेली दिसली, ती वाकली किंवा तिच्यावर तडा आढळला, तर ती ठोकून सरळ न करता बदलावी. पिनेबरोबर ट्रॉलीच्या दांड्याचे कडे व ट्रॅक्टरच्या हुकाची छिद्रे हीही झिजतात. छिद्र लांबट झाले असल्यास नवी पीन घालूनही जोडणी सैलच राहील, हे विसरू नये.

जोडणीची उंची व मालाची मांडणी

ट्रॉली नेहमी निर्मात्याने त्यासाठी दिलेल्या हुकालाच जोडावी. मागील आखापेक्षा उंच ठिकाणी, अथवा औजारे उचलण्याच्या वरच्या दांड्याला ओढ दिल्यास ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जातात व ट्रॅक्टर मागे उलथून चालकाच्या अंगावर येण्याचा संभव असतो. चढावर किंवा चिखलात ट्रॉली रुतली असताना हा धोका सर्वांत मोठा.

दोनचाकी ट्रॉलीत माल मागे अधिक भरल्यास ती बैलगाडीप्रमाणे उलाळ होते. तिचा दांडा वर उचलला जाऊन ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरील भार कमी होतो, त्यांची पकड जाते आणि पिनेला उलटा ताण बसतो. यास्तव अशा ट्रॉलीत जड माल आखाच्या किंचित पुढे येईल असा रचावा. मागे जड असलेली ट्रॉली सोडताना दांडा एकाएकी उसळून जबर इजा होऊ शकते. चारचाकी ट्रॉलीचा सर्व भार तिच्या स्वतःच्या चाकांवर असल्यामुळे ही अडचण येत नाही. मात्र पुढील चाकांचे फिरते चक्र आणि दांड्याच्या बिजागरीच्या पिना यांचीही वेळोवेळी पाहणी करावी लागते.

जोडण्याची रीत

ट्रॉली सपाट जागी उभी करून तिच्या चाकांना पुढून व मागून दगड अथवा लाकडी ठोकळे लावावेत. दांडा हुकाच्या उंचीला टेकूवर ठेवावा. ट्रॅक्टर मागे घेत असताना खूण करणारा इसम बाजूस, चालकाला दिसेल असा उभा असावा. ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. छिद्रे जुळल्यावर ट्रॅक्टर थांबवून ब्रेक लावावा व मगच पीन घालावी. छिद्र जुळले की नाही हे बोट घालून पाहू नये. नंतर लिंच पीन, सुरक्षा-साखळी, हायड्रॉलिकची नळी व दिव्यांची तार या क्रमाने जोडणी पुरी करावी. चाकांचे ठोकळे काढण्यापूर्वी खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टरला अगदी सावकाश ओढ देऊन थांबवावे आणि खाली उतरून पीन जागची हलली किंवा काय, हे डोळ्यांनी पाहावे.

सुरक्षा-साखळी

पीन कितीही चांगली असली तरी तिच्या जोडीला दुसरा स्वतंत्र आधार हवा. हे काम साखळी करते. साखळीची एक बाजू ट्रॉलीच्या दांड्याला व दुसरी ट्रॅक्टरच्या मजबूत सांगाड्याला पक्की करावी. तीच पीन साखळीच्या कडीतूनही ओवल्यास पीन निघताच साखळीही निघते आणि तिचा काही उपयोग राहत नाही. साखळी भरलेल्या ट्रॉलीचा भार पेलणारी असावी. वळताना ताणली जाणार नाही इतकी ती सैल, पण जमिनीला लागणार नाही इतकी आखूड ठेवावी. दोन साखळ्या असल्यास त्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावाव्यात, म्हणजे पीन निघाली तरी दांडा रस्त्यात न रुतता त्यांच्यावर टेकतो.

एकामागे दोन ट्रॉल्या

पश्चिम महाराष्ट्रात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ऊस नेण्याची पद्धत रूढ आहे. येथे पहिल्या पिनेवर दोन्ही ट्रॉल्यांची ओढ पडते. प्रत्येकी ८ टनांच्या दोन ट्रॉल्या असल्यास वर सांगितलेल्या चढावर हा आकडा १,६०० किलोग्रॅमवर जातो. मागची ट्रॉली चालकाच्या नजरेआड असते व ती सुटल्याचे त्याला पुष्कळदा कळतही नाही. म्हणून मधल्या जोडणीला दुय्यम न मानता तेथेही तशीच पीन, तशीच लिंच पीन व तशीच साखळी असली पाहिजे. मागील ट्रॉलीच्या पाठीवर लाल परावर्तक चकत्या स्वच्छ व उसाच्या वाढ्यांनी न झाकलेल्या असाव्यात.

रस्त्यावर घ्यावयाची दक्षता

रस्त्याला लागण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या ब्रेकचे दोन्ही पेडल एकमेकांस अडकवावेत. एकच ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर आडवा होतो व मागील ट्रॉली त्यास ढकलून जोडणी मोडते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. गतिरोधकावरून सावकाश जावे. दांड्यावर किंवा उसाच्या मोळ्यांवर कोणासही बसू देऊ नये. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून येणारे ऊसतोड मजूर पुष्कळदा मुलाबाळांसह व संसारासह ट्रॉलीतूनच प्रवास करतात. ट्रॉली हे मालाचे वाहन आहे. माणसांच्या प्रवासाची निराळी सोय करणे हे मुकादम व वाहनमालक यांचे कर्तव्य आहे.

नित्याची तपासणी

प्रत्येक खेपेपूर्वी चालकाने पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात :

१. मुख्य पीन पूर्ण खाली बसली आहे व तिच्यावर खाच, वाक किंवा तडा नाही.
२. लिंच पीन जागेवर असून तिची कडी मिटलेली आहे.
३. साखळी स्वतंत्र ठिकाणी जोडलेली आहे.
४. हायड्रॉलिकची नळी व तार ओढल्या जात नाहीत.
५. दोन ट्रॉल्या असल्यास मधली जोडणीही याच रीतीने पाहिली आहे.

या तपासणीला दोन मिनिटे पुरतात. ती चालकानेच करावी, कारण भरणारा एक, जोडणारा दुसरा व चालविणारा तिसरा असला म्हणजे प्रत्येकास दुसऱ्याने पीन पाहिली असेल असे वाटते. मालकानेही खेपांची घाई करताना ही दोन मिनिटे चालकाच्या वेळातून कापू नयेत. वाटेत चहापाण्यासाठी गाडी थांबली की चालकाने प्रथम मागे जाऊन पीन पाहावी, मग चहा घ्यावा. ही सवय हंगामाच्या पहिल्या दिवसापासून लावून घेतल्यास ती अखेरपर्यंत टिकते.