अंगणातल्या रंगांचे कानमंत्र

पोरी, नव्या घरापुढे चार हात जागा मिळाली म्हणून नर्सरीत धावायची तुझी घाई दिसतेय मला. जा खुशाल, पण आत्याचं एवढं ऐकून जा.

१. आधी आठवडाभर अंगणात नुसती खुर्ची टाकून बस — ऊन कुठून येतं आणि कुठवर टिकतं हे न बघता घेतलेलं रोप म्हणजे माप न घेता शिवलेलं पोलकं.

२. बागेत तू स्वतः कधी असणार, तेही ठरव. कामावरून दिवेलागणीला येणार असशील, तर सगळी हौस लाल जास्वंदीवर खर्चू नकोस — अंधारताना लाल आधी काळवंडतं, पांढरं शेवटपर्यंत दिसतं. तुझ्यासाठी मोगरा, अनंत, पावसाळ्यात सोनटक्का. त्यांचा वासही संध्याकाळीच खुलतो.

३. फाटकाशी गुलबक्षी लाव — ती उमलते चारच्या पुढे, म्हणजे घरी परतणाऱ्याला ताजी भेटते.

४. प्राजक्ताखाली काही लावू नकोस, जागा झाडून मोकळी ठेव — त्याची शोभा फांदीवर थोडी, पहाटे जमिनीवर पडते ती खरी.

५. रातराणी निजायच्या खिडकीपासून लांब. रातराणी शेजारणीची बरी — दुरून येतो तो सुगंध, उशाशी आली की डोकेदुखी.

६. केशरी अबोली आणि राणी रंगाची बोगनवेल शेजारी नकोत, दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. लावायच्याच असतील तर मध्ये तगर बसव — तिचं पांढरं-हिरवं शांतपण दोघींना सांभाळून घेतं. अबोलीला थोडी सावली चालते, बोगनवेलीला मुळीच नाही. म्हणून तशीही त्यांची फारकत सोपी.

७. बोगनवेलीला लाडानं पाणी पाजू नकोस — पाणी जास्त झालं की नुसती पानं माजतात, थोडा ताण बसला की रंग भरतो. आणि काटे आहेत, पायवाटेपासून चार पावलं आत.

८. पिवळ्याला जांभळ्या-निळ्याची सोबत दे. एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेला बहावा आणि ताम्हण जवळजवळ फुललेले दिसले तर थांबून बघ — हा धडा फुकट मिळतो. ताम्हण तर आपलं राज्यफूल! एवढी मोठी झाडं तुझ्या अंगणात मावायची नाहीत. कुंपणावर निळी गोकर्ण चढव आणि पायथ्याशी पिवळा झेंडू.

९. झेंडूचं बी आषाढ सरताना टाक — फुलायला दोनेक महिने लागतात, आणि दसरा कुणासाठी थांबत नाही.

१०. शेवंती रस्त्याच्या दिव्याखाली ठेवू नकोस. रात्र मोठी झाली की तिला कळी धरते — रात्रभर उजेड पडला तर थंडी आली हे बिचारीला कळतच नाही, आणि तू खत बदलत बसशील.

११. एका रंगाची तीन-चार रोपं एकत्र लाव — सुटंसुटं लावलं की सगळंच दिसतं आणि काहीच भरत नाही.

१२. क्रोटन उजेडात ठेव — अंधाऱ्या कोपऱ्यात त्याचे लाल-पिवळे पट्टे हिरवे पडतात. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर कर्दळ आणि अळू, बाकी विचार नको.

१३. कण्हेर मागच्या कुंपणाला, आणि छाटलेल्या फांद्या गुराढोरांच्या तोंडाशी टाकू नकोस — मुळापासून फुलापर्यंत सगळी विषारी. बाकी दुष्काळातही फुलणारी गुणी पोर आहे.

१४. नर्सरीत भरगच्च फुललेलं रोप उचलू नकोस, कळ्यांचं घे. फुललेलं विकतं, कळीचं टिकतं — घरी आल्यावर मुळं रुजेपर्यंत त्याला फुलांचा भार नको. जास्वंद घेताना पान उलटून बघ. पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, एका कुंडीतून साऱ्या अंगणात जातो.

१५. जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन बघायला जा, पण पाकिटात पैसे कमी ठेव — तिथे सगळंच आपल्या अंगणात मावेल असं वाटतं.

गुलबक्षी आणि तेरड्याचं बी मात्र विकत घेऊ नकोस. पुढच्या खेपेला मी डबीत भरून आणते.